आमच्या मुरूडला समुद्र नाही: ताण, सुट्टी आणि पाण्याचा काठ

लातुरात कुणी "सुट्टीत मुरूडला चाललोय" म्हटलं, की ऐकणारा विचारतो, "कुणाचं लगीन आहे?" कारण आमचं मुरूड बार्शी रोडवर, पंचवीस-तीस किलोमीटरवर. तिथं सोयरे असतात, समुद्र नसतो. दुसरं मुरूड जंजिऱ्याच्या शेजारी, पाचशे किलोमीटरच्या घरात. आणि तिकडं गाडीनं निघालं तर पहिला चहा आमच्याच मुरूडात होतो.

हे सांगायचं कारण असं, की हल्ली डॉक्टरपासून ऑफिसातल्या शहाण्यापर्यंत सगळे एकच सल्ला देतात: "फार ताण आलाय ना? दोन दिवस जवळच्या बीचवर जाऊन या." जवळच्या! मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली, तरी छत्रपती संभाजीनगरपासून अरबी समुद्र अडीचशे किलोमीटर भरतो. नांदेडकरांची तर अजबच गत. त्यांना अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर जवळपास सारखेच लांब.

तरी लोक जातात. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तेव्हापासून जालना-संभाजीनगरकडची मंडळी शुक्रवारी रात्री निघायचं आणि रविवारी रात्री परत यायचं, असा बेत सहज आखतात. सोमवारी तारवटलेल्या डोळ्यांनी ऑफिसात येतात. आणि जोडून सुट्ट्या आल्या की पेपरात किनाऱ्यावर कुणीतरी बुडाल्याची बातमी येते, त्यातलं गाव बऱ्याचदा घाटावरचं असतं.

आम्हीही गेलो होतो, दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर. दोन गाड्या, नऊ माणसं, डिकीत धपाटे आणि शेंगाची चटणी. बारा तास प्रवास. पोचलो तर सांगून ठेवलेल्या तीन खोल्यांपैकी एकच शिल्लक. त्यावर दीड तास हुज्जत. समुद्र त्या रात्री फक्त ऐकू आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन तास किनारा, मग किल्ला, मग जेवणासाठी रांग, मग परत. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "झाली का हवापालट?" मी म्हटलं, "हवा पालटली, आम्ही नाही."

पण त्या तीन तासांतली वीसेक मिनिटं वेगळी होती. बाकीचे नाष्ट्याच्या शोधात गेले आणि मी चपला काढून ओल्या वाळूत बसले. समोर वाळूवर बारीक खेकड्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडली होती. बिळातून यायचं, वाळू तोंडात घालायची, गोळी करून टाकायची, परत आत. मी ते बघत बसले. खांदे कधी खाली आले कळलंच नाही. त्या वीस मिनिटांत नेमकं काय झालं हे समजून घ्यायला मी नंतर बरंच वाचलं. तेच इथं सोपं करून सांगते.

ताण म्हणजे अंगातला ऑटो स्टार्टर

विहिरीवरच्या मोटारीला ऑटो बसवतात ते तुम्ही पाहिलं असेल. लाईट कधी येईल याचा भरवसा नाही. रात्री दोनला आली तर कोण उठून शेतात जाणार? म्हणून ऑटो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. सोय मोठी, पण साध्या ऑटोला विहिरीत पाणी आहे की नाही हे कळत नाही. पाणी संपलं तरी मोटार फिरते, तापते आणि एक दिवस जळते.

आपल्या शरीरात असंच एक यंत्र आहे. संकट दिसलं की मेंदू बटण दाबतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्यातून आधी ॲड्रेनलिन सुटतं, तेही काही सेकंदांत. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, पोटाकडचं रक्त हातापायांकडं वळतं. त्याच्या मागून कॉर्टिसॉल येतं. कॉर्टिसॉल म्हणजे शरीराला लांबच्या झुंजीसाठी तयार ठेवणारं रसायन. ते रक्तातली साखर वाढवतं आणि ज्या कामांची घाई नाही ती बाजूला ठेवायला लावतं. त्याला उगाच व्हिलन करू नका. रोज सकाळी उठल्यावर ते अंगात सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी. ते नसतं तर अंथरूण सुटलं नसतं.

१९३६ साली हान्स सेल्ये या संशोधकानं 'नेचर' या नियतकालिकात एक छोटंसं पत्र छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा, नाहीतर विषारी औषध द्या. त्रास कुठलाही असला तरी शरीराचा प्रतिसाद बराचसा एकसारखाच असतो, असं त्याला दिसलं होतं. पुढं यालाच 'स्ट्रेस' हे नाव रूढ झालं. शरीराला संकटाची जात कळत नाही, ही यातली मुद्द्याची गोष्ट.

बांधावर साप दिसला, तर मोटार दहा मिनिटं चालते आणि साप गेला की बंद होते. हे यंत्र त्यासाठीच आहे. पण साहेबांचा रात्री अकराचा मेसेज हा साप नाही, तो जात नाही. कर्जाचा हप्ता जात नाही. लातुरात राहता आणि घरात नीटची तयारी करणारं लेकरू आहे, तर अंगातला ऑटो म्हणजे काय हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. मोटार कमी वेगानं का होईना, चोवीस तास फिरत राहते. मग झोप तुटते, पित्त उसळतं, बारीकसारीक गोष्टीवर आवाज चढतो.

मोटार बंद करायची तारही शरीरातच आहे. वेगस नावाची एक लांब नस मेंदूच्या तळातून निघते आणि मानेतून हृदय, फुफ्फुसं, आतडी इथवर जाते. हृदयाला "जरा दमानं" असं सांगणं हे तिचं एक काम. विश्वास बसत नसेल तर मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सावकाश सोडताना किंचित मंद. तरुण माणसांत हा फरक चांगला कळतो. अडचण एवढीच, की ही तार हुकमावर चालत नाही. "शांत हो" म्हटल्यावर शांत झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. तिला तशी परिस्थिती लागते, आणि पाण्याच्या काठावर ती बरीचशी आयती मिळते.

काठावर होतं तरी काय

आता मोटार सोडा, विहिरीकडं या.

लक्ष देणं ही ताकद विहिरीतल्या पाण्यासारखी असते. दिवसभर आपण तिचा उपसा करतो. हिशेब जुळवायचा, रस्ता ओलांडायचा, समोरच्याचं बोलणं आवडत नसलं तरी ऐकायचं, मोबाईल वाजला तरी तिकडं बघायचं नाही असं ठरवायचं; सगळ्याला ओंजळ-ओंजळ पाणी लागतं. संध्याकाळपर्यंत तळ दिसतो. तळ दिसलेला माणूस चिडका होतो, विसराळू होतो, किराणा दुकानात जाऊन कशाला आलो तेच आठवत बसतो.

विहीर परत कशी भरते? मोटार बंद ठेवली की. झऱ्यांना वेळ दिला की पाणी आपलं आपण चढतं. आपण मात्र घरी येऊन सोफ्यावर रील बघतो आणि त्याला आराम म्हणतो. तो आराम नव्हे, तो टँकर. वरून ओतलेलं दिसतं, पण प्रत्येक रील लक्ष ओढून घेतंच, म्हणजे उपसा चालूच.

मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लान या दांपत्यानं हा विचार गेल्या शतकाच्या शेवटी नीट मांडला. त्यांचं म्हणणं असं, की काही दृश्यं लक्ष ओढतात पण ओरबाडत नाहीत. ढग, पानांची सळसळ, वाहतं पाणी. बघितलं तर बघितलं, नाही बघितलं तरी काही बिघडत नाही. अशा ठिकाणी मनाला काहीतरी चाळा असतो, तरी उपसा होत नाही, आणि तेवढ्यात झरे आपलं काम करतात. माझ्या खेकड्यांनी तेच केलं होतं. त्या गोळ्या किती झाल्या हे मला कुणी विचारणार नव्हतं.

याच्या जोडीला शरीराच्या पातळीवर चार-दोन गोष्टी होतात. जवळचं वाचताना डोळ्यातला एक बारीक स्नायू सारखा आवळलेला असतो. लांब बघितलं की तो सैल पडतो. दिवसभर स्क्रीनपासून एक-दीड फुटावर असलेली नजर क्षितिजावर गेली, की डोळ्यांना सुटल्यासारखं वाटतं ते यामुळं.

आवाजाचंही तसंच. मेंदू अचानक आलेल्या आवाजाला धोका समजतो. हॉर्न, कुकरची शिट्टी, मेसेजची टिंग. लाट मात्र सांगून येते. हळूहळू चढते, फुटते, फेसाळत मागं जाते, आणि पुढची कधी येणार हे आपल्याला साधारण ठाऊक असतं. दचकायला जागाच नाही. शिवाय तो घोष आजूबाजूचे बारीकसारीक आवाज झाकून टाकतो. काही वेळानं श्वासही तिच्या चालीनं लांबतो, विशेषतः सोडतानाचा. आणि सोडतानाचा श्वास लांबला की वेगस काय करते ते नाडीवर तुम्ही आत्ताच बघितलंत.

राहिली किनाऱ्यावरून आल्यावरची गाढ झोप. तिच्यात गूढ काही नाही. कोरड्या मऊ वाळूत चालायला टणक जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, आणि दिवसभराच्या उजेडानं शरीराचं घड्याळ जागेवर येतं. पाय दमले, घड्याळ लागलं, झोप आली.

ओझोन, आयन वगैरे

समुद्राच्या हवेत ओझोन असतो म्हणून बरं वाटतं, असं आमच्या शाळेतल्या सरांनीही सांगितलं होतं. ते खरं नाही, आणि ओझोन तर श्वासातून घेतला की फुफ्फुसांना उलट त्रासच होतो. तो ओळखीचा 'समुद्राचा वास' येतो डायमिथाईल सल्फाईड या वायूमुळं. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून तो तयार होतो. हवेतल्या ऋण आयनांमुळं, म्हणजे ऋण विद्युतभार असलेल्या बारीक कणांमुळं ताण उतरतो, या दाव्यालाही भक्कम आधार नाही. त्या नावानं मशिनं विकतात, तेवढे पैसे वाचवा.

मग आमची ट्रिप वाया का गेली?

२००७ मध्ये साबिने सोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या दोन संशोधकांनी, कामाचा शीण कशानं उतरतो याची चार अंगं मांडली. कामातून मन सुटणं. अंग सैल सोडणं. कामाबाहेरचं काहीतरी शिकणं किंवा जमवणं. आणि माझा वेळ माझ्या मर्जीनं चाललाय असं वाटणं.

आता आमची ट्रिप या चाळणीतून काढा. मन सुटलं का? नवऱ्याचा ऑफिसचा ग्रुप ताम्हिणी घाटातसुद्धा चालू होता. रेंज गेली तेव्हा तो जास्त अस्वस्थ झाला. अंग सैल? बारा तास गाडीत. वेळ आपल्या मर्जीचा? प्रत्येक ठिकाणी कुणीतरी "चला चला, उशीर होतोय" म्हणत होतं. सुट्टी नव्हती ती, ड्यूटीच होती, फक्त गाव वेगळं.

इथं एक गोष्ट बोलून टाकते. घरातल्या बाईची सुट्टी बहुतेक वेळा सुट्टी नसते. धपाटे आदल्या रात्री मीच थापले. कुणाची गोळी, कुणाचा टॉवेल, धाकट्याला उलटी झाली तर पिशवी, हे सगळं माझ्या डोक्यात. किनाऱ्यावर बसून "दुपारी जेवायचं कुठं" हा हिशेब चालू असेल, तर विहिरीवरची मोटार बंद कुठं झाली? ती वीस मिनिटं मला मिळाली ती बाकीचे माझ्याशिवाय नाष्टा शोधायला गेले म्हणून. तेव्हा जाणाऱ्यांनी एक करावं: रोज एक तास घरातल्या एकेकाला पूर्ण मोकळं सोडावं. त्या तासात त्याला कुणी काही विचारायचं नाही, मीठ कुठंय हेसुद्धा नाही.

"पण सुट्टीचा परिणाम टिकतो किती?" फार नाही. सुट्ट्यांवर झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा हेच दिसलंय, की कामावर परतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, कधी तर पहिल्याच आठवड्यात, बरं वाटणं ओसरायला लागतं. म्हणून जाऊ नये असं नव्हे. जेवणही दुसऱ्या दिवसापर्यंत पुरत नाही, म्हणून कुणी जेवायचं सोडत नाही. पण वर्षातून एकदा पोटभर आणि मग वर्षभर उपास, ही रीत काही कामाची नाही.

जायचंच असेल तर तिथी बघून निघा

पाचशे किलोमीटर जाणार असाल तर तीन रात्री तरी एकाच गावात राहा. किल्ला, मंदिर, कासवं, डॉल्फिन सगळं एकाच ट्रिपमध्ये उरकायचं नाही. आणि पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटी समजून घ्या. आपल्याकडच्या माणसाला ती पुस्तकातून ठाऊक असते, पायाखाली कधी आलेली नसते.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढं सरकते. कोकणात याचा एक सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास भरती आणि रात्रीही तसंच. सहा तासांनी, दुपारी सव्वादोनच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. पंचमीला पावणेचार. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अंदाज ढोबळ आहे, गावागणिक थोडा इकडंतिकडं होतो. पण एकादशी कधी आहे हे ज्याच्या घरात न विचारता कळतं, त्या वारकरी मुलखाला याहून सोयीचं काय असणार?

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. मुंबईला अशी भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार कमी. त्याला भांग म्हणतात. वाळूत गाडी नेऊन फोटो काढणाऱ्यांची गाडी रुतते ती बहुतेक या हिशेबाच्या अडाणीपणामुळं. ओहोटीला वाळू टणक लागते म्हणून आत नेतात, आणि पाणी परत येतं तेव्हा चाकं निघत नाहीत.

आता पोहण्याबद्दल. आमच्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून. वरून सूर मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं, समुद्राचं पाणी चालतं. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते पाणी कुठूनतरी परत जाणारच. बऱ्याचदा ते एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. फसवणूक अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना फेस आणि मधे शांत, गडद पाणी. नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो, इथं बरं आहे म्हणून.

त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडं तोंड करून हात मारणं ही सगळ्यात मोठी चूक. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो, आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळं. ती ओढ खाली खेचत नाही, आत नेते. तरंगत राहा, खाऱ्या पाण्यात अंग विहिरीपेक्षा सहज तरंगतं. हात वर करून हाक मारा. जमलं तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर या आणि मग लाटांबरोबर काठाकडं वळा. पोहता येत नसेल तर गुडघ्याएवढ्या पाण्यापुढं जायचंच नाही. घेतलेली असेल तर पाण्याकडं फिरकायचंही नाही. आणि उतरायच्या आधी तिथल्या मच्छीमाराला नाहीतर जीवरक्षकाला विचारायचं. त्यात कमीपणा नाही; तोही आपल्या रानात आला तर विहीर किती खोल हे विचारेलच.

समुद्र लांब आहे, पाणी तेवढं लांब नाही

वरची कारणं परत एकदा बघितली तर लक्षात येईल, की त्यातलं बरंचसं खाऱ्या पाण्यावर अवलंबून नाही. लांबवर जाणारी नजर, न ओरबाडणारं दृश्य, एका लयीतला आवाज, उजेड, आणि काही न करण्याची मुभा. हे समुद्रावर सगळ्यात भरघोस मिळतं हे मान्य. धरणाच्या काठावर ते बारा आणे मिळतं, आणि दर आठवड्याला मिळतं. बारा आणे हा आकडा माझा, विज्ञानाचा नव्हे.

विज्ञानाचा आकडा वेगळा आहे. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर एक अभ्यास छापून आला. आठवड्यात दोन तास किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांत तब्येत आणि मन चांगलं असल्याचं सांगणारे जास्त होते. ते दोन तास एकदम घेतले की तुकड्या-तुकड्यानं, यानं फरक पडला नाही. आता यावर हुशार वाचक म्हणेल, की ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर पडत असतील. बरोबर आहे, अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. पण दोन तास तलावावर बसून बघण्यात नुकसान काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि काठ आपल्याकडं आहेत. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय घ्या. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. सत्तावीस दरवाजे, आणि भरल्यावर पाण्याचा फुगवटा पन्नास किलोमीटरहून लांब. बॅकवॉटरच्या काठी उभं राहिलं तर पलीकडचा तीर कधीकधी दिसत नाही. मराठवाड्यात क्षितिजाला टेकलेलं पाणी बघायचं तर तिथंच. हिवाळ्यात रोहित पक्षीही येतात. नांदेडला गोदावरीचे घाट आहेत, बीडजवळ बिंदुसरा, परभणी-हिंगोलीकडं येलदरी आणि सिद्धेश्वर, जालन्याला घाणेवाडी, आणि पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे. आम्हा लातूरकरांना धनेगावचा मांजरा. एक मात्र पाळायचं: धरणात पोहायचं नाही. गाळ, अचानक खोल होणारा तळ, पाणवनस्पती, आणि दरवाजे उघडले तर खालच्या पात्रात एकदम चढणारं पाणी. भोंगा वाजला की पात्रातून लगेच वर. भिंतीवर बऱ्याच ठिकाणी जाऊही देत नाहीत. काठ आपल्याला पुरे.

आता यातला खरा आक्षेप, तो माझाच आहे. आपल्याकडं धरण हे निवांत बसायचं ठिकाण कधी होतं? आपण धरणावर जातो ते टक्के बघायला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. ती ज्यांनी बघितली त्यांना मांजराचं कोरडं पात्र बघून शांत वाटेल का? नाही वाटणार. भेगा पडलेला तळ बघून अंगातली मोटार चालूच होईल, आणि ते साहजिक आहे. पाणी म्हणजे आराम, हे सगळीकडं सारखं लागू होत नाही. ज्याच्या आठवणीत पाणी म्हणजे पूर नाहीतर टँकर आहे, त्याला दुसरा काठ शोधावा लागतो. डोंगराची कड चालते, भरलेलं ज्वारीचं रान चालतं. वाऱ्यावर हलणारी हुरड्यातली ज्वारी मी अर्धा तास बघत बसू शकते.

"हे भरल्या पोटाचे चोचले"

असं कुणी म्हटलं तर मला राग येत नाही. सोयाबीनला भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलंय, लेकीचं लग्न ठरलंय, त्या माणसाला "जरा पाण्याकाठी बसा" म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. काठ कर्ज फेडत नाही. काठ फक्त तापलेली मोटार थोडी थंड करतो, म्हणजे पुढचा विचार जरा सरळ होतो. कारण बाहेर असेल तर उपायही बाहेरच करावा लागतो.

आणि ताण एका हद्दीपलीकडं गेला की तो सुट्टीचा विषय राहत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं. ही आजाराची लक्षणं असू शकतात, आणि त्यावर डॉक्टर आहेत, औषध आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा १०  ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं. असा माणूस घरात असेल तर त्याला एकट्यानं पाण्याकडं पाठवू नका, सोबत जा.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी मी धनेगावला गेले होते. मोबाईल गाडीतच ठेवला. धपाटे नव्हते, बसस्टँडजवळून घेतलेली पावशेर भजी होती. काठच्या दगडावर बसले. वारं होतं, पाण्यावर बारीक सुरकुत्या धावत होत्या आणि काठाशी येऊन चुबुक-चुबुक वाजत होत्या. लाट म्हणावी असं त्यात काही नव्हतं. अर्ध्या तासानं म्हशी घेऊन एक आजोबा आले. मी एकटीच बसलेली बघून थांबले, जरा काळजीनंच.

"काय बघू लालाव बाई?"

"काई नाही आजोबा. पाणी."

त्यांनी पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग भज्यांच्या पुडीकडं. म्हशी तोवर आत उतरल्या होत्या, नाकं तेवढी वर. "बघा की मग," म्हणाले, काठी आडवी टाकली आणि शेजारच्या दगडावर टेकले.